ठोकून बघितलेलं घर

वरच्या मजल्यावर वर्षाराणी चालायला लागली की खाली मला कळतं. ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. गेल्या उन्हाळ्यात तर ती बसलेली मी पाहिलीच नाही. भाजीसुद्धा उभ्यानेच निवडायची. "अगं, पाय दुखत नाहीत का?" म्हटलं तर म्हणे, "बसलं की जीव वर-खाली होतो ताई. त्यापेक्षा पाय दुखलेले बरे."

वर्षाराणी आमची भाडेकरू. नवरा गोरक्षनाथ सळईच्या कारखान्यात, ती एका बियाणे कंपनीत. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि त्यातलं उगवतं किती ते बघायचं, हे तिचं काम. मुलगी आयुषी दुसरीत. माहेर-सासर दोन्ही घनसावंगीकडचं, धनगरांचं. तिचा जन्मच मुळी कुणाच्या तरी शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती तिथला. शाळेत घालायचं म्हणून मामाने ठेवून घेतलं, नाहीतर तीही कळपामागे फिरली असती. आणि शहरात येऊन तिच्या वाट्याला काय आलं, तर अकरा महिन्यांचे करार. संसार गोण्यांत बांधायचा, टेम्पोत टाकायचा, पुन्हा सोडायचा. "आईचं बरं होतं," ती एकदा म्हणाली, "तिच्यासंगं मेंढरं तरी होती. मी नुसत्या गोण्या घेऊन फिरून राह्यले."

म्हणून जुन्या जालन्यातलं ते घर तिला सापडलं तेव्हा मलाच जास्त आनंद झाला. आडतीचा धंदा केलेल्या रामनिवास शेठजींचं घर. पुढे बैठकीची खोली, मागे दोन खोल्या, वर मातीच्या धाब्याचं माळवद. भिंती हातभर जाड. बाहेर ऊन रखरखत असताना आत माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. मुलगा श्रेयांस पुण्याला स्थिरावलेला, तो आई-वडिलांना बोलवत होता. दुसरं एक गिऱ्हाईक घर पाडून दुकानं काढायला टपलेलं. शेठजींच्या पत्नी, संतोषबाई, मात्र म्हणत होत्या, "राहणारं माणूस बघा. पाडणाऱ्याला नका देऊ."

सगळं जुळत होतं. तेवढ्यात वर्षाराणीचे सासरे त्रिंबकबाबा गावाहून आले आणि एका दुपारी परस्पर व्यवहार पक्का करून मोकळे झाले.

त्यांची रीत जनावरांच्या बाजारातली. दोघांनी समोरासमोर बसायचं, वर रुमाल टाकायचा, खाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडातून अवाक्षर नाही. शेठजींनाही ती खूण ठाऊक. आडतीत त्यांनीही आयुष्य असंच काढलेलं. दोघा म्हाताऱ्यांना एकमेकांची बोटं पसंत पडली, रुमाल झटकला, गुळाचा खडा तोंडात टाकला. झालं.

"झालं म्हंजे?" वर्षाराणी जिन्यातूनच ओरडली. "घर कुणी बघितलं?"

"मी बघितलं की. दोन तास बसलो तिथं," बाबा म्हणाले. "काय गार घर हाय!"

"मामंजी, बाजारात मेंढी घेताना आधी दात बघता का आधी रुमाल टाकता?"

बाबा पटक्याचं टोक नीट करत म्हणाले, "माणूस बघितला. माणूस बराबर असला की मेंढी बघायची गरज न्हाई."

"मंग तुम्ही माणसात राहा. मला घरात राहायचंय."

मी पदराआड हसले, पण तिच्यासाठी तो हसण्याचा विषय नव्हता. बँकेचं कर्ज, दोघांची सगळी शिल्लक, सगळंच त्या घरात जायचं होतं. ते घर फसलं तर दुसरं होणार नव्हतं. आणि आयुषीला तिने कबूल केलं होतं, की आता तुझी शाळेची वाट बदलायची नाही.

शेठजींकडे तपासणीचं बोलायला मीही गेले. ते नाराज झालेच. "रुमालाखाली बोलणं झाल्यावर तपासणी? हे तर चोरावरचा पहारा झाला." शेवटी संतोषबाईंनी खुणावलं तेव्हा म्हणाले, "एकच माणूस आणा, एकदाच. रोज कुणी येऊन भिंती चाचपायला लागला तर गल्ली म्हणेल, शेठच्या घराला काहीतरी झालंय."

एकच माणूस. कोणाला आणायचं?

बाबांचं मत ठाम होतं, मोजणीवाला. गावी त्यांच्या भावाने बांध कोरत कोरत नांगराच्या दोन तासांएवढं रान गिळलेलं. त्यांचं आयुष्य कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर गेलं. त्यांना जमीन म्हटली की हद्द दिसायची. "मोजून घ्या. उद्या शेजारी म्हणेल, ही भिंत माझी." गोरक्षनाथही वडिलांच्या बाजूने. सरकारी मोजणी म्हणजे शिक्का. घर तपासणारा इंजिनिअर म्हणजे काय, तर एकाचं मत.

वर्षाराणी रात्रंदिवस वर चालत राहिली. एकदा मोजणी म्हणायची, एकदा तपासणी. एका सकाळी डबा भरता भरता खाली आली, पोळी तशीच हातात. "ताई, दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंती हायेत. बांध सरकतो, भिंत कशी सरकवील कुणी? नकाशा, उतारा वकिलांनी बघितलाय. आम्ही शेतातली माणसं, आम्हाला आडवंच दिसतं. उभं कोण बघणार? वर माळवद हाय, खाली काय हाय?"

"खाली काय असणार?"

"तेच ना. बी वरून चांगलंच दिसतं. आणि मला सांगा, निघून जायचंय तर बैठकीलाच नवा रंग कशाला दिला?"

माझ्या नणंदेच्या ओळखीने साधना मॅडम मिळाल्या. तंत्रनिकेतनात शिकवायच्या, आता जुन्या इमारती तपासतात. बाबांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाई येणार? बरं हाय. निदान चहा तरी चांगला करील." मॅडमना हे मी सांगितलं नाही.

त्या दिवशी आम्ही सगळे त्या घरी. बैठकीत गादी घातलेली, तिच्यावर शेठजी आणि बाबा मुद्दाम मांडी ठोकून, जणू घराच्या बाजूने साक्ष द्यायला. मॅडम हातोडी आणि बॅटरी घेऊन मागच्या खोल्यांतून फिरत होत्या. तुळया बघितल्या, वाळवी बघितली, माळवदावर चढून आल्या. संतोषबाई म्हणाल्या, "घर बघताय का सून बघताय? एवढं तर आमच्या सासूनेही मला नव्हतं बघितलं."

"सून सांभाळून घेते म्हणून लवकर आटोपतात," मॅडम म्हणाल्या. "घराचं तसं नाही."

संतोषबाई खळखळून हसल्या. वर्षाराणी हसली नाही. ती मॅडमच्या मागे मागे, सावलीसारखी.

बैठकीत कपाट सरकवलं तर नव्या रंगाखालून भिंतीत एक चीर फरशीपर्यंत गेलेली. मॅडम गुडघ्यावर बसल्या. हातोडीच्या दांड्याने शहाबादी फरशी ठोकत ठोकत भिंतीपासून गादीकडे आल्या. टक, टक, टक. गादीजवळ आवाज बदलला. भरल्या घागरीवरून रिकाम्या घागरीवर आल्यासारखा.

"दोघंही उठा तिथून," मॅडम म्हणाल्या.

"का?" बाबा.

"आधी उठा, मग सांगते."

बाबा उठले. शेठजी बसूनच. मग हळूच म्हणाले, "पेव असेल. दादाजींच्या टायमाचं. ज्वारी ठेवायचे जमिनीखाली. भरून टाकलं असेल कधीच."

"असेल का आहे?"

"मी तर उघडं बघितलं नाही कधी."

"रंगाआधी ही चीर बघितली होती?"

शेठजींनी संतोषबाईंकडे बघितलं. "जुनं घर आहे मॅडम. चार पिढ्या राहिलो, काही झालं नाही. आणि मला कुणी विचारलं नाही."

दोन फरश्या काढल्या. मॅडमनी कुणाला वाकू दिलं नाही. बंद पेवात हवा कोंडलेली असते. लांब काठी सोडली. काठी पूर्ण गेली, तळ लागला नाही. वर्षाराणीने आयुषीला ओढून पोटाशी धरलं. आयुषी ओरडली, "आई, दुखतंय!" तरी हात सुटेना.

संतोषबाई दारात टेकल्या होत्या. "सासूबाई म्हणायच्या, या खोलीत पलंग घालू नको, गादीच बरी. मला वाटायचं बैठकीची शोभा म्हणून. श्रेयांसची पोरं सुट्टीत आली की मीच त्यांना मागच्या खोलीत झोपवायची. का, ते मी विचारलंच नाही." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "हे भरून द्या यांना."

"बोलणं झालंय. आहे तसं घर," शेठजी म्हणाले. "तो दुकानवाला आहे तसं घेतोय."

"मंग त्याला द्या," वर्षाराणी म्हणाली. शब्द सुटे सुटे होते. "माझ्या पोरीला या खोलीत झोपायचंय. भरून, भिंतीला आधार देऊन दिलं तर आजच्या भावात घेते. न्हाई तर मी निघाले."

आणि ती खरंच निघाली. चपलाही धड घातल्या नाहीत. बाबा जागेवर उभे. सुनेने सगळ्यांसमोर त्यांचा शब्द मोडला होता. मला वाटलं, आता चिडतील. ते शेठजींपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "शेठ, चूक माझी. मी दात बघितले न्हाईत. पण तुम्ही तरी सांगायचं होतं." आणि तेही तिच्या मागोमाग बाहेर पडले.

चार दिवस वर पावलं थांबली नाहीत. पाचव्या दिवशी संतोषबाईंचाच फोन आला. शेठजी तयार होते, पण नवरात्राआधी पुण्याला जायचं होतं.

गल्लीत ट्रक शिरत नाही. मुरूम हातगाड्यांवरून आला. ते पेव खातच गेलं. वर्षाराणी रोज कामावरून थेट तिथे. पाणी मारायचं, माती बसू द्यायची, पुन्हा मुरूम. मजूर म्हणायचे, "बाई, भरलं आता." ती म्हणायची, "दोन दिवस थांबा." दोन दिवसांनी पातळी खाली गेलेली असायची. शेठजी वैतागायचे, संतोषबाई चहा करायच्या, बाबा गावाहून फोन करून विचारायचे, "बसली का माती?" गवंड्याने भिंतीला आधार बांधला. मॅडम दोनदा येऊन ठोकून गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी मान हलवली, तेव्हा खरेदीखताची तारीख धरली.

रजिस्ट्री झाली आणि गोरक्षनाथ पेढे आणायला गेला. वर्षाराणी मला म्हणाली, "ताई, जल्दी चला. आधी तिकडं." रिकाम्या बैठकीत ऊन आलं होतं. आयुषी दप्तर टाकून सरळ नव्या फरशीवर आडवी झाली, गार लागलं म्हणून खिदळली, आणि बघता बघता झोपली.

"चल, घरी जाऊन जेवू," मी म्हटलं.

वर्षाराणी भिंतीला पाठ लावून पोरीजवळ बसली होती. एक हात आयुषीच्या अंगावर, दुसरा फरशीवर सपाट टेकवलेला, तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "झोपू द्या तिला. मी जागी हाय."