आधी सोड, मग घे

ग्रामसेविका म्हणून मुळशीच्या त्या गावी गेले, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. पुण्यात वाढलेली, सपाट रस्त्यांवरची. गाव पायथ्याशी होतं आणि माझं निम्मं काम डोंगरावरच्या वाडीत. मुलांची वजनं घ्यायची, बिनधुराच्या चुली बसवून द्यायच्या, आणि सगळ्याचा अहवाल पौडला तालुक्याच्या कचेरीत पाठवायचा.

कामाला मी भीत नव्हते, पण जरा काही बिनसलं की माझा श्वास गळ्याशीच अडकायचा. हात गार पडायचे आणि बोलताना शब्द एकमेकांवर आदळायचे. कचेरीतल्या साहेबांची जीप दुरून दिसली तरी पुरे.

पहिल्याच आठवड्यात वाडीचा चढ चढताना मी धापा टाकत एका दगडावर बसले. मागून एक बाई आली. पन्नाशीची, काटक, डोक्यावर हिरड्याचं भलंमोठं गाठोडं. चालताना तिच्या ओठांतून बारीक शीळ वाजत होती. मला बघून ती थांबली.

"कुटं पळतियास? वाघ लागलाय का मागं?"

ही बाई साऱ्या जगाला 'तू' म्हणायची, हे मला नंतर कळलं. मी म्हटलं, "दम लागलाय हो."

"लागनारच. नुसता आत घेतियास, घेतियास. भरल्या हंड्यात पानी वततं का कुनी? आधी सोड, मग घे."

तिने गाठोडं उतरवलं आणि माझा हात धरून मला उभं केलं. चार पावलं टाकेपर्यंत ओठ चिमटून श्वास हळूहळू सोडायचा, दोन पावलांत नाकाने घ्यायचा. छाती उडवायची नाही, पोट हलू द्यायचं. तिने गाठोडं पुन्हा डोक्यावर घेतलं आणि मी पावलं मोजत तिच्यामागून चढले. वाडी कधी आली, कळलंसुद्धा नाही.

मग मला तो नादच लागला. एसटी दोन तास आली नाही, सोड श्वास. अहवालाच्या कागदावर शाई सांडली, सोड श्वास. एकदा साहेबांनी कसले तरी आकडे विचारले, तेव्हा मी उत्तराआधी लांब श्वास सोडला. ते दचकून म्हणाले, "बाई, एवढा उसासा? घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे साहेब," मी म्हणाले, आणि आकडे न अडखळता सांगितले.

पावसाळा संपल्यावर साहेब वाडीवर चुलीचं प्रात्यक्षिक बघायला आले. चूल त्या हिरडेवालीच्याच झोपडीत पावसाआधी बसवली होती. मातीच्या नळ्या जोडून धुरांडं छपराबाहेर काढलं होतं. दहा-बारा बाया दाटीने बसल्या. मी ऐटीत जाळ लावला, आणि धूर वर जायच्या ऐवजी भसाभसा आमच्याच अंगावर आला.

मी नेमाने श्वास सोडला, डोळे मिटले, आणि पोटभर आत घेतला.

सगळा धूर! असा ठसका लागला की मी चुलीवरच पडायची. बाया पदर तोंडाला लावून बाहेर पळाल्या, त्यांच्या मागे साहेब. हिरडेवालीने मला दंडाला धरून अंगणात आणलं. हसून हसून तिला बोलता येईना.

"अगं येडे, धुरात कोन घेतं का? आधी भाईर याचं!"

साहेबही डोळे पुसत हसायला लागले. मी अंगणात उभी राहून चार-पाच श्वास निवांत घेतले. ठसका गेला, आणि डोकं चालायला लागलं. चूल दोनदा तपासली होती, म्हणजे दोष वरच असणार. "धुरांड्याला कुणी हात लावला होता का?" मी विचारलं.

हिरडेवाली जीभ चावून म्हणाली, "बोळा कोंबलाय मी. पावसात त्यातून पानी गळायचं."

तिने काठीने बोळा पाडला. पुन्हा जाळ केला. या वेळी धूर गुमान वर गेला. साहेबांनी तिथेच पाटावर बसून कोरा चहा घेतला आणि माझ्या वहीत शेरा लिहिला, 'काम समाधानकारक'.

त्या महिन्यात वाडीत आणखी तीन चुली बसल्या. त्यातली एक माझ्या हातून जरा वाकडीच झाली, पण घरधनीण म्हणाली, "ऱ्हाऊ दे, भाकरी सरळ व्हत्यात."