मैदान सोडणारा गोलकीपर

लॅबमध्ये तो दिवसभर लोकांच्या कवळ्यांचे दात बसवायचा. गुलाबी मेणात एकेक दात रोवायचा, रांग निरखायचा, मनासारखं नसेल तर उपटून पुन्हा रोवायचा. संध्याकाळी नखांत प्लास्टर घेऊनच मैदानावर यायचा, म्हणून क्लबात सगळे त्याला कवळी म्हणत. वय सत्तेचाळीस, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, तरी गोल तोच राखायचा. दुसरं कोणी तयारच नसायचं.

पूर्वी याच क्लबात त्याचा धाकटा भाऊ खेळायचा. वाऱ्यासारखा पळायचा. पण त्याला मुली नाही, मुलगे आवडतात हे कुठून तरी फुटलं आणि कपडे बदलायच्या खोलीत टवाळी सुरू झाली. "बायल्या आला रे, टॉवेल सांभाळा!" सगळे खदाखदा हसले. कवळीही हसला. का हसला, हे त्याला पुढे कधीच धड सांगता आलं नाही. भावाने त्याच आठवड्यात खेळ सोडला, मग गावही. चार वर्षांनी कवळी त्याच्या दारात जाऊन उभा राहिला, तेव्हा भाऊ एवढंच म्हणाला, "दादा, माफी घेऊन काय करू मी? पुढच्याला तरी हसू नका."

परत आल्यावर कवळीने क्लबाकडून नियम करून घेतला. असली शिवी कानावर आली की पंचाला सांगायचं, त्याने काही केलं नाही तर सगळ्यांनी मैदान सोडायचं. पहिल्याच वर्षी पाच सामन्यांवर पाणी सोडावं लागलं. निम्मे खेळाडू दुसऱ्या क्लबांत गेले. दर हंगामात तो लीगच्या अध्यक्षांकडे अर्ज घेऊन जायचा आणि तेच ऐकून यायचा, "अहो, खेळात तोंडं सुटतातच. एवढं काय मनाला लावून घेता?" सुरुवातीला तो तावातावाने भांडायचा. पुढे पुढे अर्ज द्यायचा, पोच घ्यायचा आणि चालू लागायचा.

आणि यंदा क्लब कधी नव्हे तो उपांत्य फेरीत पोचला. दोन-एकने पुढे, पंधरा मिनिटं उरलेली. उजवीकडून त्यांचा न्हावी, गावात केस कापायचं दुकान चालवणारा, चेंडू घेऊन निघाला होता. तो आपल्या जोडीदारासोबत राहतो, हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. समोरच्यांनाही कळलं असावं. कडेच्या गर्दीतून आरोळी आली, "ए बायल्या, घरी नवरा वाट बघतोय!" मागोमाग हशा.

कवळी पंचाकडे गेला. पंचाने कानावर हात ठेवले. "मी काही ऐकलं नाही."

न्हावी धावत आला. "कवळी, आज राहू दे. मला सवय आहे. जिंकू या ना!"

"नियम आहे."

"शिवी मला दिलीय ना? मग हे माझ्यासाठी करतोयस, की तुझ्या भावासाठी?"

कवळीने हातमोजे काढले आणि चालायला लागला. मागून एकेक जण आला, खाली मान घालून. न्हावी सगळ्यात शेवटी. खोलीत बुटांचा चिखल फरशीवर आपटल्याचा तेवढा आवाज.

त्या आठवड्यात त्याच्या हातून एका बाईंचे दात दोनदा वाकडे बसले. न्हावी सरावाला फिरकला नाही.

महिन्याभराने अध्यक्षांनी बोलावलं. उपांत्य सामना अर्धवट सुटल्याचा फार बोभाटा झाला होता. पुढच्या हंगामापासून अशी शिवी आली तर पंच खेळ थांबवेल आणि शिवी देणाऱ्या बाजूचा सामना जाईल, असं ठरलं. "झालं ना तुमच्या मनासारखं?" अध्यक्ष म्हणाले, उपकार केल्यासारखे. कवळीने कागद घडी करून खिशात ठेवला. आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त कुठे तरी बसावंसं वाटलं.

तो तडक न्हाव्याच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक नव्हतं. रिकाम्या खुर्चीत बसून त्याने कागद पुढे केला. न्हाव्याने तो दोनदा वाचला.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण मला विचारायला हवं होतंस."

"हो. चुकलंच माझं."

न्हाव्याने कागद परत दिला. "गुरुवारी सराव आहे ना?"

"आहे."

"बघतो," न्हावी म्हणाला, आणि केर काढायला लागला.

गुरुवारी तो आला. उशिराच आला, पण आला.