म्हशींचं फोल्डर
गोठ्याच्या फळीवर परवा म्हशीच्या कानातला विम्याचा पिवळा बिल्ला सापडला आणि बहिणीच्या सासरचे पहिल्यांदा घरी आले ती दुपार आठवली. कॉम्प्युटर नवा होता आणि पाव्हण्यांना त्यावर घरचे फोटो दाखवायचं ठरलं होतं. फोटोंचा प्रोग्रॅम त्यातले सगळेच फोटो ओढून घ्यायचा, म्हणून पाव्हणे यायच्या आत मी नको त्या फोल्डरांपुढची टिक काढून टाकली. म्हशींच्या फोल्डरची तर सगळ्यात आधी. ते विम्यासाठी काढलेले फोटो, त्यातल्या एकात मेलेली म्हैस. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. जोतिबाचा गुलाल, बारसं, भावकीतली लग्नं, फोटो आपोआप पुढं सरकत होते. एवढ्यात बहिणीची सासू म्हणाली, "सगळी दिसाय लागल्यात, पर ईनबाई कुठंच दिसंनात की हो?" आई खरंच कुठल्या फोटोत नव्हती; फोटो निघायचे तेव्हा ती चुलीपाशी नाहीतर गोठ्यात. चहाचा ट्रे घेऊन दारात आलेली आई म्हणाली, "म्हशींच्यात हाय की मी. लाव त्ये." मी त्या फोल्डरपुढं टिक केली. बिल्ला नीट दिसावा म्हणून म्हशीचं तोंड खांद्याशी धरून उभी असलेली आई स्क्रीनभर आली, हसत. आज भिंतीवर हार घातलेला फोटो तोच आहे. स्टुडिओवाल्यानं कितीही कापला तरी कडेला म्हशीचा कान राहिलाच, पिवळ्या बिल्ल्यासकट.