उंबऱ्याच्या आत मराठी

वहिनींना जाऊन महिना झाला. तीन दिवस ताप होता, शुद्ध जात-येत होती. शेवटच्या दुपारी मी उशाशी बसून “वहिनी, मी आलोय” म्हणत होतो. त्या डोळे उघडेनात. मग एकाएकी ओठ हलले आणि स्पष्ट शब्द आले, “बंदे री, बंदे!” आले हो, आले... चक्क कानडीत. माझे थोरले भाऊ, अण्णा, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. पण हे उत्तर त्यांच्याच हाकेला होतं. दुसऱ्या कुणालाही त्या असं ‘री’ म्हणत नसत.

ज्यांनी नवी नवरी असतानाच्या वहिनी पाहिल्या, त्यांना हे खरं वाटणार नाही. आम्ही बंगळूरचे पिढीजात मराठी, त्या अस्सल पुण्याच्या. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी आमच्या यशवंतपूरच्या घरात आल्या. पहिल्याच जेवणाला मी कानडी सवयीनं “स्वल्प चटणी वाढा” म्हणालो. “थोडी म्हणा भाऊजी, थोडी! स्वल्प काय?” दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटला: उंबऱ्याच्या आत मराठी. अण्णा कारखान्यात दिवसभर कानडी बोलून येत आणि चपलांबरोबर ती भाषाही बाहेर काढून ठेवत. मी कुरकुरायचो, ते मुकाट पाळायचे.

दहाएक वर्षांनी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, मराठी मात्र गेली. वहिनी बोलल्या की ते परक्या बाईकडे पाहावं तसे पाहत. आम्ही खुळ्यासारखे मोठमोठ्यानं मराठी बोलायचो, जणू ते बहिरे झालेत! अशात एका सकाळी आमची गवळण मुनियम्मा दाराशी गाय दोहत होती, आणि ओसरीवरून अण्णांनी तिला कानडीत विचारलं, वासरू कधी झालं? वहिनी दुधाचं भांडं घेऊन उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. दोन्ही भाषा लहानपणच्याच, मग एकच का उरली, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. संध्याकाळी वहिनी मला म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याशी गवळण बोलते आणि मी नाही? बघतेच मी!”

पस्तिशीच्या बाईनं पाटी-पेन्सिल आणली. रोज धार काढून होईपर्यंत मुनियम्माजवळ उकिडव्या बसायच्या, कानावर पडेल ते पाटीवर उतरवायच्या. मला विचारलं असतं तर मी शिकवलं असतं, पण माझ्यापुढे हार मानतील त्या वहिनी कसल्या! आठवड्यानं अण्णांना भात भरवताना ठसक्यात म्हणाल्या, “तिन्नु! सुम्मने तिन्नु!” मुनियम्मा हे गायीला म्हणायची: खा, गुमान खा! अण्णा बघतच राहिले. मग हसले... झटक्यानंतर पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि माणसाला कसं म्हणायचं ते त्यांनी हळूहळू सांगितलं. वहिनींनी तिथल्या तिथे पाटीवर लिहून घेतलं. पुढची पाचेक वर्षं दोघं कानडीत संसार बोलले, भांडलेसुद्धा. मराठी काही परत आली नाही.

वहिनींच्या शेवटच्या दुपारी डॉक्टर म्हणाले, तापात माणूस काहीही बरळतो. मी ते मानत नाही. मन तळाशी काय जपून ठेवतं, ते वयावर ठरत नसावं. पुण्यातलं सगळं बालपण बाजूला सारून जे वर आलं, ते पस्तिशीत, गायीच्या पायाशी बसून शिकलेलं होतं. त्याच्यावाचून त्यांचा नवरा त्यांना परका झाला असता.

परवा मुनियम्मा आत आली होती. इतकी वर्षं दारावर दिसणारा कागद तिला वाचता येत नव्हता. काय लिहिलंय, तिनं विचारलं. मी कानडीत सांगितलं. ती खो-खो हसली, मग पदर डोळ्यांना लावून तिथेच खाली बसली. माझा धाकटा मुलगा म्हणतो, भिंत रंगवायची आहे, कागद काढू या. मी साफ सांगितलंय, भिंत रंगवा, दाराला हात लावायचा नाही. वहिनींनी स्वतः नियम मोडला, पण कागद काही काढला नाही. मग आपण कोण काढणारे?