खांद्यावरचा हात

जुने फोटो दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाने घरचं काम घेऊ नये. पण मामांना नाही म्हणायची तिची काय बिशाद! मामा घराण्याचा इतिहास छापणार होते. आजी-आजोबांच्या आदर्श संसाराचं गुणगान त्यांनी नातेवाइकांकडून गोळा केलं होतं, आणि मुखपृष्ठासाठी हवा होता दिवाणखान्यातला तो फोटो. आजी खुर्चीत, मागे आजोबा, त्यांचा हात तिच्या खांद्यावर. त्या हातावरून घरात आलेल्या प्रत्येक सुनेला आणि जावयाला उपदेश ऐकावा लागला होता.

तिने फोटो चौकटीतून काढला आणि वरून बोट फिरवलं. आजीच्या कडेने कागदाचा उंचवटा लागत होता. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं, तर आजोबांच्या बोटांच्या फटीतून खुर्चीचं लाकूड दिसत होतं. आजोबा रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून उभे होते. आजी नंतर कापून चिकटवली होती.

मग तिने मामांनी पाठवलेले बाकीचे सगळे फोटो उपसले. लग्नं, सहली, वाढदिवस. जिथे आजोबा, तिथे आजी नाही. इतक्या वर्षांत हे कुणाच्याच कसं ध्यानात आलं नाही?

तेवढ्यात मामांचा फोन. "झालं का गं? छापखानेवाला डोक्यावर बसलाय."

"होतंय," ती म्हणाली. जोड पुसला तर खोटं छापायचं, नाही पुसला तर सगळ्यांना दिसणार; आणि आई? आईला आधीच रक्तदाब, त्यात हा फोटो म्हणजे तिचा जीव की प्राण. सांगावं तर पंचाईत, लपवावं तर जास्तच.

आई मागे कधी येऊन उभी राहिली, ते तिला कळलंच नाही. तिने घाईघाईने स्क्रीन झाकायला हात पुढे केला.

"राहू दे," आई म्हणाली. "जोड दिसतोय का फार? कात्री बोथट होती."

"आई, तू?"

"शाळेत होते तेव्हा. एका घरात राहून दोघं बोलत नव्हती गं. मधे मी. पाणी आण म्हणावं, जेवण झालंय म्हणावं. वाटलं, निदान भिंतीवर तरी एकत्र राहतील."

"मग आजी-आजोबांनी पाहिला?"

"पाहिला की. बाबा कितीतरी वेळ समोर उभे होते. मग मला म्हणाले, 'आईला विचार, हा कधी काढला.' मी धावत गेले विचारायला. ती म्हणाली, 'त्यांनाच विचार.'"