बंद आहे, का बंद करायचंय?

रोज मोबाइल अ‍ॅपची एक स्क्रीन काढायची, शंभर दिवस, एकही खाडा नाही, असं मी माझ्यावरच लादून घेतलं होतं. दिवसभर उल्हासनगरच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि दुकानांचे बोर्ड करायचे. सकाळी नळाला पाणी यायच्या आत लॅपटॉपवर कधी गजराची स्क्रीन, कधी दवाखान्याच्या नंबराची. पुढेमागे हेच काम करायचं होतं. त्यातलं मला बरंच कळतं, अशी ऐटही होती.

त्रेचाळिसाव्या दिवशी आईने सांगितलं, आनंदनगरच्या तिच्या कंपनीत बाटल्यांना लेबल लावायचं नवं मशीन आलंय. जुन्याला हिरवं आणि लाल, दोन बटणं होती. नव्याला मोबाइलसारखी काच. पंधरा दिवसांनी परीक्षा; ज्या बायकांना ते चालवता येईल त्या मशीनवर, बाकीच्या खोके उचलायला. आईची कंबर खोके उचलण्यातली राहिली नव्हती. ती तसं म्हणाली नाही, पण रात्री कंबरेला मलम मीच चोळत होते.

"टेन्शन नको घेऊ, मी शिकवते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशीची स्क्रीन आईसाठी केली. अंदाजाने काढलेली मशीनची काच, मधोमध एक देखणं गोल बटण. त्यावर 'चालू'. दाबलं की मशीन सुरू होणार आणि तिथे 'बंद' येणार. फोन तिच्या हातात दिला. "मशीन थांबलंय असं समज. सुरू कर."

तिने बघितलं. "चालूच तर आहे."

"अगं, दाबल्यावर चालू होणार!"

"मग आधीच कशाला लिहिलंस?" तिने दाबलं, 'बंद' आलं, ती दचकली. "बंद पडलं की गं," म्हणत तिने पुन्हा दाबलं.

तीन सकाळी हेच. तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. "एवढं साधं कळत नाही तुला?" असं मी तिला म्हटलं. आजही ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. ती डबे भरायला लागली.

चौथ्या सकाळी कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे बंद आहे, का बंद करायचंय? आधी ते ठरव. करायचं असेल तर 'थांबव' लिही. म्हणजे कोणी विचारणार नाही, थांबलंय का म्हणून."

मी रंग, सावल्या, कडांची गोलाई यांवर सेहेचाळीस सकाळी घासल्या होत्या आणि माझ्याच भाषेतल्या त्या एका शब्दाकडे नीट बघितलं नव्हतं. सातवी शिकलेल्या आईने हाताला कणीक असताना तो पकडला. मी तिथेच बटण बदललं. 'सुरू कर', 'थांबव'. ती एकदाही चुकली नाही.

परीक्षेच्या संध्याकाळी ती आली, चप्पल काढली, तांब्याभर पाणी प्यायली. माझा जीव टांगणीला.

"काचेवर तुझंच बटण होतं," ती म्हणाली. "जुनं. चुकीचं."

बरोबर बटणाची सवय लावून मीच तिला फसवलं होतं.

"मग?"

"मग काय. मशीनवाल्या साहेबांनाच विचारलं, हे बंद आहे, का बंद करायचंय? त्यांनी दाबून बघितलं तेव्हा त्यांना कळलं. मग मी सगळ्या बायकांना सांगितलं, जे लिहिलंय ते अजून व्हायचंय, असं वाचा. सगळ्यांना जमलं. खोक्यांकडे कोणीच नाही."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"तीन दिवस तुझं चुकीचं बटण दाबलं ना मी."

मग तिने पिशवीतून पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं. काचेवर लावायला साहेबांनी तेच वाक्य लिहून मागितलं होतं. "तुझं अक्षर चांगलं आहे, लिही." ती सांगत गेली आणि मी जाड पेनने, माझ्या सगळ्यात सुबक अक्षरात लिहिलं: लिहिलंय ते अजून व्हायचंय.

तो अठ्ठावन्नावा दिवस होता आणि मी लॅपटॉप उघडला नव्हता. तरी खाडा धरला नाही. त्या दिवशीची स्क्रीन आईने केली होती.