न झिजलेलं बटण

तेहतीस वर्षं मी तंत्रनिकेतनच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये लॅब असिस्टंट होतो आणि तेहतीस वर्षं एकच नियम सांगत आलो. जोडणी झाली की लगेच चालू करायचं नाही, आधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवायचं. ज्यानं जोडलं त्याला स्वतःची चूक दिसत नसते. विद्यार्थी कंटाळायचे, एकदोन प्राध्यापकही कंटाळायचे, पण मी कुणाला बधलो नाही. माझ्या काळात त्या लॅबमधलं सामान फारसं जळलं नाही याचा मला गर्व होता आणि तो मी कधी लपवलाही नाही.

निवृत्त झालो आणि पुढच्याच वर्षी बायको गेली. आम्हाला मूलबाळ नाही. सिडकोतलं घर, खाली दोन खोल्या नि स्वयंपाकघर, वर गच्चीवर पत्र्याची एक खोली. ती वरची माझी. घरात आता काही दाखवायला दुसरं माणूस उरलेलं नाही, हे नीट कळायला मात्र माझ्या हातून एक वस्तू जळावी लागली.

ती वस्तू म्हणजे इंटरकॉम. लग्नानंतर तीनेक वर्षांनी मीच बनवलेला. दोन लाकडी डबे, प्रत्येकात एक लहान स्पीकर आणि लॅबमधल्या मोडीत निघालेल्या रेडिओंतून काढलेले तीन-तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, आणि मधे जिन्याच्या कडेनं नेलेली वायर. एक डबा ओट्यावर, एक माझ्या टेबलावर. बोलायचं तर लाल बटण दाबून धरायचं, ऐकायचं तर सोडायचं. तिला हाका मारून घसा कोरडा करावा लागू नये म्हणून केला, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. खरं म्हणजे मला सारखं खाली उतरायला लागू नये म्हणून केला होता.

दहा-बारा वर्षं तो चालला आणि त्याच्यावरून आमचं भांडणही तितकीच वर्षं चाललं. तिचं म्हणणं एकच होतं, "तुम्ही ओ देत नाही." मी म्हणायचो, दर वेळी देतो, तुझंच लक्ष फोडणीकडं असतं. ती म्हणायची, मी कान लावून उभी असते. असं पुन्हा पुन्हा. एक दिवस मी कॉलेजातून आलो तर दोन्ही डबे जागेवर नव्हते. तिनं ते जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकले होते. त्यानंतर ती जिन्याच्या तोंडाशी येऊन ताटावर पळी वाजवायची आणि मोबाइल आल्यावर मिस्ड कॉल द्यायची. मिस्ड कॉलला कुणाला ओ द्यावी लागत नाही. मी पुन्हा विषय काढला नाही. माझं खरं होतं, आणि तेवढं मला पुरत होतं.

गेल्या उन्हाळ्यात कूलरचा पंप शोधायला माळ्यावर चढलो तेव्हा ती चादर हाताला लागली. गाठ तिचीच होती, दुहेरी. मला काय घाई झाली कोण जाणे. वायफायचा जुना नऊ व्होल्टचा अडॅप्टर पडला होता, तो घेतला, माझा डबा उघडला, काळी, म्हणजे मायनसची, वायर आतल्या पत्र्याच्या पट्टीला लावली, लाल दुसरीकडं, आणि चालू केलं. दोन-चार सेकंदांत फट् आवाज झाला आणि खोलीभर जळका, गोडसर वास सुटला.

त्या जुन्या ट्रान्झिस्टरांच्या सर्किटमध्ये सगळं उलटं असतं. पत्र्याच्या पट्टीला मायनस नाही, प्लस जोडायचा असतो. हे मी पोरांना फळ्यावर काढून दाखवलेलं. सर्किट माझं, हात माझे, आणि तरी काळी वायर पट्टीला, कारण गेली कित्येक वर्षं हाताला तीच सवय. लॅबमध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर सोडलं नसतं. वासानं डोळ्यांत पाणी आलं असं मी स्वतःला सांगितलं. ते वासानं आलं नव्हतं.

उरला होता तिचा डबा. तो जळू द्यायचा नाही हे ठरलं, आणि तो बोलता करायचा हेही ठरलं. माझ्या मनात काय होतं ते सांगून टाकतो. मला सिद्ध करायचं होतं की वायर चांगली होती, सर्किट चांगलं होतं, माझा आवाज खाली पोचत होता. कुणाला सिद्ध करून दाखवायचं होतं, ते विचारू नका.

आता जुन्या वस्तूला एकदम वीज देणं म्हणजे महिनाभर आजारी माणसाला पंगतीत बसवण्यासारखं आहे. आतले कपॅसिटर वाळलेले असतात, कुठं काय आतून जोडलं गेलंय कळत नाही. अडॅप्टरला दयामाया नसते, समोरचा जेवढा करंट ओढेल तेवढा तो देत सुटतो. वायरमन लोक अशा वेळी सिरीजमध्ये बल्ब लावतात, पण ते पंख्यामिक्सरला ठीक. मला असा पॉवर सप्लाय पाहिजे होता की ज्याचा व्होल्टेज मी सव्वापासून पंधरा व्होल्टपर्यंत हळूहळू चढवीन, आणि करंट मी ठरवीन तेवढाच जाईल. चूक झाली तरी तो हात आखडता घेईल. दुसऱ्याचे डोळे घरात नाहीत, तर निदान आपला हात धरणारं काहीतरी असावं.

पैठण गेटजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानदाराला मी वर्षानुवर्षं ओळखतो. त्यानं यादी पाहिली आणि हसून विचारलं, "सर, तयार मिलता है, आप कायको दिमाग खपा रहे?" मी म्हटलं, वेळ आहे. ते त्याला पटलं, कारण पुढं त्यानं काही विचारलं नाही. घरची विचारपूस करील म्हणून मीच जरा थांबून राहिलो, पण गिऱ्हाईक आलं.

ट्रान्सफॉर्मर बंद पडलेल्या स्टॅबिलायझरमधून काढला. सप्लायचा डबा जुन्या कॉम्प्युटरचा. काट्याचा मीटर जुन्या बाजारात भंगारात मिळाला, काच तडकलेली, पण काटा शहाण्यासारखा शून्यावर येत होता. दोन नॉब बसवले, एक व्होल्टेजचा, एक करंटचा, आणि मधे एक लाल दिवा, मर्यादा गाठली की पेटणारा. जेवण झालं की दुपारभर मी वर बसायचो. पत्रा तापलेला, पंखा गरम वारा फिरवतोय, आणि मी रीडिंग मोठ्यानं म्हणतोय. लॅबमधली सवय. मी म्हणायचं आणि समोरच्यानं लिहून घ्यायचं. आता मीच म्हणायचो आणि मीच लिहायचो, आणि मधे थोडा थांबायचोसुद्धा, समोरच्याला लिहायला वेळ मिळावा म्हणून.

पहिल्या खेपेला करंट मोजणारा रेझिस्टर मी पाव वॅटचा लावला. तो तापून काळा पडला. स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि जाडा दोन वॅटचा लावला. सगळं पुन्हा तपासलं, मग खाली जाऊन चहा पिऊन आलो आणि अनोळखी माणसाचं काम असल्यासारखं तिसऱ्यांदा तपासलं. मग मर्यादा वीस मिलीअँपिअरवर ठेवली आणि लाल आणि काळी वायर सरळ एकमेकींना चिकटवली. याच्यापेक्षा मोठी चूक करता येत नाही. काटा वीसवर गेला आणि तिथंच थांबला. लाल दिवा पेटला. ना ठिणगी, ना वास. वायरी वेगळ्या केल्या, दिवा विझला. पुन्हा चिकटवल्या, पेटला. असं मी किती वेळा केलं असेल.

हे कुणाला तरी दाखवावं म्हणून मी फाटकापर्यंत गेलो. पाणी यायचा दिवस होता. शेजारी पाइप घेऊन ड्रमशी उभे होते, एका ड्रममधून दुसऱ्या ड्रममध्ये, घामाघूम. त्यांना काय सांगणार? पाणी आज बरं आलं, एवढं बोललो आणि परत वर आलो. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं. बायको असती तर तिनं पदराला हात पुसत पाहिलं असतं, "बरं, मग?" म्हणाली असती, आणि माझा पारा चढला असता. तेवढंही चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी तिचा डबा उघडला. आत तेलाचा चिकटा, हळदीचा पिवळा थर आणि स्पीकरच्या कागदाला चिकटलेला मोहरीचा एक दाणा. तो मी काढला नाही. या वेळी प्लस पट्टीला. मर्यादा पाच मिलीअँपिअर. व्होल्टेज दोनवर आणला नाही तोच लाल दिवा पेटला. एक कपॅसिटर आतून गेलेला होता. अडॅप्टर लावला असता तर तिचाही डबा माझ्या डब्याच्या वाटेनं गेला असता. मी नॉब मागं फिरवला. कपॅसिटर बदलले, मर्यादा वीसवर नेली, मग व्होल्टेज दोन, चार, सहा, नऊ. काटा आठ मिलीअँपिअरवर स्थिर, दिवा विझलेला.

माझा डबाही मग दुरुस्त केला. लॅबमधून निवृत्त होताना आणलेल्या बिस्किटांच्या डब्यात तसले ट्रान्झिस्टर सापडले. दोन्ही डबे शेजारी ठेवले तेव्हा बटणांकडं लक्ष गेलं. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेली जोडी. तिच्या बटणाचा लाल रंग उडून आतलं पांढरं दिसत होतं आणि मधे अंगठ्याएवढा खळगा पडला होता. माझं मात्र काल आणल्यासारखं. मला वाटलं, बघा, वस्तू कशी वापरावी हे हिला कधी कळलंच नाही. जोर लावून दाबत असणार. असं मी खरोखर मनात म्हटलं, आणि तिच्या बटणाचे आतले पत्रे घासून साफ केले.

इंटरकॉम एकट्याला तपासता येत नाही. सकाळी स्वयंपाकाला एक ताई येतात, मुकुंदवाडीतून. माहेर करमाडकडचं, लहानपणी मेंढरांमागं फिरलेल्या. माझ्या बायकोला त्यांनी पाहिलेलं नाही. पोळ्या झाल्यावर मी त्यांना विनंती केली. तुम्ही वर माझ्या टेबलाशी बसा, मी खालून बोलेन, मग लाल बटण दाबून उत्तर द्या. त्यांना काही शॉक बसायचा नाही, हे दोनदा सांगितलं. त्या वर गेल्या. जिन्याकडेची जुनी वायर अजून होती, ती दोन्ही डब्यांना जोडली होती आणि माझ्या डब्याला सेल लावले होते. तिचा डबा मी ओट्यावर त्याच्या जुन्या जागी ठेवला आणि सप्लायवर चालू केला.

बटण दाबून म्हटलं, "ताई, ऐकू येतंय का?" सोडलं. स्पीकरमधून नुसती बारीक खरखर. पुन्हा विचारलं. पुन्हा खरखर. तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात विचारलं आणि डब्याला कान लावून ओट्याला टेकून उभा राहिलो. कुकरची वाफ निवत होती. मीटरचा काटा जागच्या जागी होता. वाट पाहून पाहून मला राग आला. एवढं साधं काम, माणसानं नुसती ओ द्यायची. आणि तसा उभा असताना माझ्या लक्षात आलं की इथं, असाच कान लावून, कोण उभं राहायचं.

जिन्यात पावलं वाजली. ताई खाली आल्या, त्याही जरा वैतागलेल्या.

"किती येळ विचारता, सर? मी व्हय व्हय म्हणायलीय की वरून."

बटण दाबलं होतं का, मी विचारलं.

त्या ओशाळल्या. "नाय. तुमचा आवाज कसा, जवळ बसून बोलल्यावानी आला. माणूस जवळ असल्यावर बटण कोण दाबतंय?"

मी स्टुलावर बसलो. त्या वर्षांत वर माझ्या उजव्या हातात सोल्डरिंग आयर्न, डाव्या हातात वायर, समोरच्या डब्यातून तिचा आवाज, जेवायला या. आणि मी मान वर न करता म्हणायचो, हो, आलो. दर वेळी म्हणायचो, देवाशपथ. हातातलं खाली ठेवून बटण कधी दाबलं, ते आठवू लागलो तर एकही वेळ आठवेना. माझी प्रत्येक ओ त्या पत्र्याच्या खोलीतच राहिली. मी दिली हे खरं होतं आणि तिला मिळाली नाही हेही खरं होतं. आणि हे दाखवणारं माझं कोरं बटण आठवडाभर टेबलावर पडलेलं, तर मी तिच्या बटणात तिचा जोर पाहत बसलो.

ताईंना वाटलं, त्यांचंच चुकलं. त्या म्हणाल्या, पुन्हा करू या, आता दाबते. मी म्हटलं, आता तुम्ही इथं थांबा, मी वर जातो.

वर गेलो. टेबलावरचं सगळं बाजूला सारून दोन्ही हात मोकळे केले. माझ्या बटणाची स्प्रिंग फार कडक होती, कुणी वापरलीच नव्हती. ते दाबलं आणि म्हटलं, "हो, आलो." मग सोडलं.

"आता आलं ऐकू," खालून ताई म्हणाल्या.

मी पुन्हा बटण दाबलं. या वेळी नुसतंच दाबून धरलं. नंतर खाली उतरलो आणि त्यांनी वाढून ठेवलेलं ताट घेऊन जेवायला बसलो.